हॉट टब आणि तलावातलं पुरळ: पाण्यात उतरण्याआधीच ते कसं रोखायचं

पोहण्याच्या कपड्यांखाली लाल, खाजऱ्या पुटकुळ्या उठल्या की बहुतेक जण साबणाला दोष देतात, नाहीतर खाण्यातलं काहीतरी बाधलं म्हणतात. हॉट टब, म्हणजे जेटच्या धारा सोडणारा गरम पाण्याचा टब, सहसा आठवत नाही, कारण मध्ये एक-दोन दिवस गेलेले असतात. या पुरळाला डॉक्टर ‘हॉट टब फॉलिक्युलायटिस’ म्हणतात. केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांमध्ये जिवाणू शिरतात आणि तिथे सूज येते. बहुतेक वेळा हा जिवाणू असतो स्यूडोमोनास एरुजिनोसा. ओलसर जागी, मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो सगळीकडे सापडतो. धडधाकट माणसाच्या कोरड्या, अखंड त्वचेवर त्याचं फारसं काही चालत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजून मऊ झालेल्या त्वचेत मात्र त्याला वाट सापडते.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका मोटेलच्या व्हर्लपूलमधून, म्हणजे अशाच टबमधून, अशी लागण झाल्याची नोंद १९७५ साली छापून आली. २००० ते २०१४ या काळात अमेरिकेत क्लोरीन वगैरे घालून शुद्ध केलेल्या तलावांशी आणि टबांशी निगडित ४९३ साथींची नोंद झाली. त्यांतल्या ज्या साथींचा जंतू नक्की कळला, त्यांपैकी साधारण १३ टक्क्यांमागे स्यूडोमोनास होता. म्हणजे जंतुनाशक घालण्याची सोय असलेल्या पाण्यातूनच ही लागण झाली. ते योग्य प्रमाणात टिकून होतं का, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्यामुळे या लेखाचा बराचसा भाग त्वचेपेक्षा पाण्याबद्दलच आहे. बाहेर आल्यावर अंग घासून धुण्यापेक्षा आत जाण्याआधी दोन मिनिटं पाणी तपासणं कितीतरी पटींनी कामाचं ठरतं.

गरम पाण्यात क्लोरीन का टिकत नाही

साध्या पोहण्याच्या तलावापेक्षा हॉट टब जास्त धोक्याचा, याला तीन कारणं आहेत. पहिलं तापमान: पाणी जितकं गरम, तितका क्लोरीन लवकर संपतो. दुसरं बुडबुडे: जेट आणि हवेचा मारा पाणी सतत ढवळतात, त्याबरोबर क्लोरीनही उडून जातो. तिसरं कारण आपण स्वतः. मोठ्या तलावात चार माणसं उतरली तर त्यांचा घाम, तेल, क्रीम आणि मृत त्वचा लाखो लिटर पाण्यात विरून जाते. टबमध्ये तेवढाच मळ हजार-दीड हजार लिटरमध्ये येतो. क्लोरीन आधी या मळाशी भिडतो आणि तिथेच खर्ची पडतो. जंतूंसाठी उरेल तो उरेल.

शिवाय बायोफिल्म असते. पाईपच्या आतल्या बाजूला, जेटच्या तोंडाशी आणि फिल्टरच्या घड्यांत जिवाणू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. तुळशीवृंदावनाच्या ओल्या कडेला हात फिरवल्यावर जसं बुळबुळीत लागतं, तसाच हा थर असतो, फक्त डोळ्यांआड. मोकळ्या पाण्यात तरंगणारा स्यूडोमोनास पुरेशा क्लोरीनने चटकन मरतो. या थराच्या आत दडलेला मात्र तग धरतो, आणि क्लोरीन खाली गेला की पुन्हा पाण्यात उतरतो. टब रिकामा करून नवं पाणी भरलं तरी चार दिवसांत पुन्हा तेच, असं होतं ते यामुळे.

पहिली पायरी: पट्टी बुडवा आणि आकडे वाचा

टेस्ट स्ट्रिप म्हणजे चाचणीची कागदी पट्टी स्वस्त असते, खिशात मावते आणि कोणालाही वापरता येते. पाण्याच्या वरच्या थरातला नमुना घेऊ नका. कोपरापर्यंत हात आत घालून, जेटच्या धारेपासून दूर, तिथलं पाणी घ्या. पट्टी किती सेकंद बुडवायची आणि किती सेकंदांनी रंग पाहायचा हे डबीवर लिहिलेलं असतं. ते पाळलं नाही तर आकडा चुकतो. पट्ट्यांची मुदत पाहा, आणि ओल्या बोटांनी डबीत हात घालू नका. दमट झालेली पट्टी खुशाल खोटं बोलते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, दिलेली किमान पातळी अशी आहे. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम असं समजा.

पोहण्याच्या तलावात मोकळा क्लोरीन, म्हणजे मळाशी खर्ची न पडता जंतूंसाठी उरलेला क्लोरीन, निदान १ पीपीएम हवा. सायन्युरिक आम्ल हे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर वापरलेलं असेल तर निदान २. हॉट टबमध्ये निदान ३ पीपीएम. क्लोरीनऐवजी ब्रोमीन असेल तर तलावात निदान ३ आणि हॉट टबमध्ये ४ ते ८. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, दोन्हीकडे ७.० ते ७.८ च्या मध्ये. टबचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नको.

पीएचकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो. त्यांपैकी हायपोक्लोरस आम्ल हे जंतू मारणारं रूप, दुसरं त्याच्या मानाने अगदीच लेचंपेचं. कोणतं किती असेल हे पीएच ठरवतो. ७.२ ला साधारण दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ७.८ ला एक तृतीयांशाच्या आसपास आणि ८ ला जेमतेम पाव. पट्टीवर क्लोरीन ३ दिसतोय पण पीएच ८.२ असेल, तर त्या तीनवर विसंबून राहू नका. हॉट टबमध्ये हवेच्या माऱ्यामुळे कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप वर सरकत राहतो, त्यामुळे तिथे तर तो रोज पाहावा लागतो.

दुसरी पायरी: परक्या तलावावर काय पाहायचं

हॉटेलच्या किंवा क्लबच्या पाण्यात उतरताना खिशातून पट्टी काढायला संकोच वाटतो. वाटू द्या, पण काढा. सार्वजनिक ठिकाणी पाण्याची तपासणी दिवसातून निदान दोनदा व्हायला हवी आणि गर्दी असेल तर त्याहून पुष्कळ जास्त वेळा. शेवटची तपासणी केव्हा झाली आणि आकडे काय होते, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चांगल्या ठिकाणी नोंदवही तिथेच टांगलेली असते. विचारल्यावर माणूस गोंधळला, किंवा ‘काळजी करू नका, पाणी एकदम स्वच्छ आहे’ एवढंच म्हणाला, तर मी तरी उतरणार नाही.

पाणी नितळ आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही. उलट गढूळ पाणी मात्र नक्कीच वाईट. तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर परत फिरा. कडेच्या फरशीला, पायऱ्यांना आणि पाण्याच्या रेषेला हात लावून पाहा. बुळबुळीत किंवा चिकट लागलं तर जी बायोफिल्म पाईपमध्ये असते तीच इथे वर आलेली आहे.

वासाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. डोळ्यांत जाणारा उग्र ‘क्लोरीनचा’ वास आला की लोकांना वाटतं, पाणी झकास शुद्ध केलंय. तो वास क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ही संयुगं बनतात. म्हणजे तो वास सांगतो की मळ भरपूर आहे आणि मोकळा क्लोरीन त्यात खपतो आहे. नीट राखलेल्या तलावाला वास फार मंद असतो.

टबमध्ये किती माणसं बसावीत हे तिथे लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त माणसं दिसली तर थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या.

लहान मुलांच्या उथळ तलावाकडे वेगळं लक्ष द्या. पाणी कमी, उन्हाने तापलेलं आणि मुलांची वर्दळ मोठी. कॅनडातल्या एडमंटन शहरात १९९८ साली अशाच एका उथळ तलावात खेळलेल्या ४० मुलांच्या तळपायांना लाल, अतिशय दुखऱ्या गाठी आल्या. डॉक्टरांनी त्याला ‘हॉट फूट सिंड्रोम’ असं नाव दिलं. पाण्यात आणि तलावात स्यूडोमोनास सापडला. तळाच्या खरबरीत पृष्ठभागाने पायांची त्वचा घासली जात होती, त्यामुळे जिवाणूंना आयतीच वाट मिळाली. मुलांच्या तलावाचा तळ खरखरीत असेल तर पाण्यात घालायचे बूट घालून द्या. घरचा फुगवायचा छोटा तलाव असेल तर रोज रिकामा करा, पुसा आणि उन्हात पूर्ण वाळवा. पाच वर्षांखालच्या मुलांना हॉट टबमध्ये बसवूच नका. त्यांचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

तिसरी पायरी: उतरण्याआधी आपलं अंग

अंगावर किमान एक मिनिट पाणी घेऊन मग उतरा. तेवढ्यानेही घाम, तेल आणि सनस्क्रीनचा बराचसा भाग निघून जातो आणि क्लोरीन जंतूंसाठी शिल्लक राहतो. हे तुमच्यापेक्षा टबमधल्या इतरांसाठी जास्त आहे, पण इतरांनीही तेच केलं तर फायदा तुमचाच.

त्याच दिवशी किंवा आदल्या रात्री दाढी, वॅक्सिंग, रेझर यांपैकी काही केलं असेल तर टब टाळा. केस काढताना त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि मुळांची तोंडं उघडी राहतात. निदान एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा. जखम, ताजा टॅटू, गळू किंवा चिघळलेला इसब असेल तर पाण्याबाहेरच बरं. पाणी जाणार नाही अशी पट्टी लावून चालेल का, असं लोक विचारतात. गरम पाण्यात आणि जेटच्या धारेत बहुतेक पट्ट्या सुटतात, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका.

मधुमेह असलेल्यांनी, कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी हॉट टबबद्दल आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. गरोदर बायकांनीही, पण त्याचं कारण मुख्यतः तापमान आहे.

आणि वेळ. पंधरा मिनिटांत उठलात तर त्वचा कमी भिजते. तासभर बसलात तर तीच त्वचा सुरकुतून मऊ होते आणि तिची आड येण्याची ताकद घटते.

चौथी पायरी: बाहेर आल्यावर

ओले कपडे लगेच बदला. पुरळ कपड्यांखाली जास्त दिसतं ते यामुळे की पाणी पिऊन बसलेलं घट्ट कापड जिवाणूंना त्वचेशी तासन्‌तास धरून ठेवतं. साबण लावून अंघोळ करा आणि पोहण्याचे कपडेही धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या कपड्यांची पिशवी रात्रभर तशीच बांधून ठेवणं म्हणजे जंतूंची सोय करणं. लूफा आणि स्पंज कधीच पूर्ण सुकत नाहीत आणि त्यांतही स्यूडोमोनास वाढतो, म्हणून पुढच्या दोन दिवसांत तरी अंग घासायला हातच पुरे. इतकं सगळं केल्याने धोका कमी होतो, पण संपत नाही. पाणीच वाईट असेल तर नंतरच्या अंघोळीची खात्री देता येत नाही.

टॉवेल आणि रेझर एकमेकांचे वापरू नका. स्यूडोमोनासचं हे पुरळ माणसाकडून माणसाला जात नाही, पण कपडे बदलायच्या खोल्यांत, बाकांवर आणि सामायिक टॉवेलांमधून स्टॅफिलोकोकस हा दुसरा जिवाणू पसरू शकतो आणि त्याची गळवं वेगळीच डोकेदुखी असतात. बाकावर बसताना खाली आपला टॉवेल टाका.

कानात पाणी राहिलं तर डोकं एका बाजूला कलवून टॉवेलने बाहेरून टिपा. कापसाची काडी आत घालू नका. तिने आतली त्वचा खरचटते आणि स्यूडोमोनासमुळे होणाऱ्या कानाच्या बाहेरच्या नळीच्या दाहाला ते निमित्त पुरतं.

घरी टब असेल तर

इथे जबाबदारी पूर्णपणे तुमची, म्हणून हा भाग थोडा लांबेल.

टब रोज वापरत असाल तर रोज उतरण्याआधी क्लोरीन आणि पीएच पाहा. वापर नसतानाही आठवड्यातून दोनदा तरी पाहा, कारण न वापरलेल्या गरम पाण्यातही क्लोरीन उतरतच असतो. सुट्टीवरून आल्याआल्या थेट झाकण काढून आत उडी मारणं ही सर्वांत वाईट वेळ. आधी पट्टी, मग गरज पडल्यास क्लोरीन, मग पंप चालू ठेवून थोडं थांबणं, पुन्हा पट्टी आणि मग आपण.

घरगुती टबांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच दाणेदार क्लोरीनमध्ये, ज्याला डायक्लोर म्हणतात, सायन्युरिक आम्ल मिसळलेलंच असतं. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर साधारण ९ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात जातं, आणि क्लोरीन खर्च झाला तरी ते तिथेच साठत राहतं. उघड्या तलावात ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून तिथे त्याचा उपयोग आहे. टबमध्ये मात्र ते क्लोरीनचा मारा मंदावतं, आणि सीडीसी हॉट टबमध्ये ते वापरू नये असंच सांगते. डबा घेताना लेबल वाचा.

‘क्लोरीनविरहित शॉक’ म्हणून जी पूड मिळते, ती पोटॅशियम मोनोपरसल्फेट असते. तिने मळ जळतो, पाणी लख्ख दिसतं, पण तेवढ्याने जंतुनाशन होत नाही. तिच्या जोडीला क्लोरीन किंवा ब्रोमीन हवंच. ओझोन आणि अतिनील दिव्यांचंही तसंच: ते यंत्रातून जाणाऱ्या पाण्यावर काम करतात, टबच्या भिंतीवर आणि तुमच्या शेजारी तरंगणाऱ्या जिवाणूंवर नाही.

फिल्टरचं कार्ट्रिज दर आठवड्या-दोन आठवड्यांनी काढून पाण्याच्या धारेने घड्या उलगडत धुवा. महिन्यातून एकदा फिल्टर धुण्याच्या द्रावणात भिजवा. दोन कार्ट्रिज ठेवलीत तर एक वाळत असताना दुसरं वापरता येतं. पूर्ण वाळणं बायोफिल्मला मारक असतं, म्हणून ही अदलाबदल मला फार सोयीची वाटते. झाकणाची आतली बाजू विसरू नका, वाफ तिथे साठते आणि थेंब परत टबमध्ये पडतात.

पाणी केव्हा बदलायचं यासाठी एक साधं गणित आहे. टबमधलं पाणी लिटरमध्ये घ्या, त्याला ११ ने भागा, मग रोज सरासरी किती माणसं बसतात त्या संख्येने भागा. येणारे दिवस झाले की पाणी बदला. १२०० लिटरचा टब आणि रोज दोन माणसं म्हणजे साधारण ५४ दिवस. चार माणसं असतील तर २७. आकडा कितीही मोठा आला तरी तीन महिन्यांपलीकडे एकच पाणी ठेवू नये असं माझं मत आहे.

रसायनांबाबत एक ताकीद. वेगवेगळ्या प्रकारचे क्लोरीन एकमेकांत कधीही मिसळू नका, एकाच चमच्याने दोन डब्यांतलं काढू नका, आणि आम्ल व क्लोरीन जवळजवळ ठेवू नका. यातून विषारी वायू, आग, अगदी स्फोटसुद्धा होऊ शकतो. नेहमी पाण्यात रसायन घाला, रसायनावर पाणी ओतू नका.

टब वापरल्यावर घरात कोणालाही पुरळ आलं, तर नुसता क्लोरीन वाढवून भागत नाही. क्रम असा ठेवा:

१. टब सगळ्यांसाठी बंद करा.
२. जुनं पाणी आत असतानाच पाईप साफ करण्याचं द्रावण लेबलवर सांगितल्याप्रमाणे घाला आणि जेट चालवा. वर येणारा तपकिरी फेस पाहिला की बायोफिल्म म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.
३. पाणी पूर्ण काढा. जेटच्या नळ्यांत उरलेलं पाणीही हवेच्या दाबाने बाहेर काढा.
४. आतला पृष्ठभाग, जेटची तोंडं, डोक्याच्या उशा घासा. जुना फिल्टर टाकून नवा बसवा.
५. नवं पाणी भरून मोकळा क्लोरीन २० पीपीएमवर न्या. एक तास जेट बंद ठेवून पाणी फिरू द्या, मग नऊ तास जेट चालू. दहाही तास २० ची पातळी टिकली पाहिजे. टबमध्ये लेजिओनेला हा फुप्फुसांना लागण करणारा जिवाणू सापडल्यावर सीडीसी हीच पद्धत सांगते, आणि तोही याच थरात राहतो.
६. ते पाणी काढून टाका, पुन्हा भरा, आकडे नेहमीच्या पातळीत आले की मगच वापरा.

पाचव्या पायरीत एक खोच आहे. साधी पट्टी इतकं क्लोरीन मोजू शकत नाही. काही वेळा रंग उडून ती पांढरी पडते आणि क्लोरीन शून्य असल्यासारखं वाटतं. अशा वेळी टबमधलं एक भाग पाणी तीन भाग क्लोरीन नसलेल्या पाण्यात मिसळून तपासा आणि आकड्याला चारने गुणा. हे सगळं मोकळ्या हवेत करा, आणि झाकणाखाली वाकून वास घेऊ नका.

पुरळ आलंच तर

बहुतेक वेळा ते पाण्यात गेल्यानंतर एक-दोन दिवसांत उठतं. काही तासांतही उठू शकतं, कधी पाच दिवसही लागतात. खाजरे लाल ठिपके, मधोमध कधी पू. पाण्यातून बाहेर येताच संपूर्ण अंग खाजून कोरडं पडलं असेल तर तो बहुधा क्लोरीनचा त्रास. तळ्यात किंवा नदीत पोहल्यावर उघड्या अंगावर उठलेलं खाजरं पुरळ बहुधा परजीवीमुळे येतं. कपड्यांखाली जास्त असेल तर संशय टबवर घ्या.

धडधाकट माणसात हे सात ते दहा दिवसांत आपोआप जातं. पुटकुळ्या फोडू नका, सैल कपडे घाला, टबमध्ये परत जाऊ नका. खाज फार असेल तर थंड ओल्या फडक्याने आराम पडतो. घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम मनाने लावू नका, त्याने लागण दबलेली दिसते आणि चिघळते.

ताप आला, दुखणं वाढलं, लाली पसरत गेली, स्तनांना सूज आली, कान दुखू लागला किंवा दहा दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा. मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तर पहिल्याच दिवशी जा. ताप आणि खोकला सोबत असेल तर थांबूच नका, कारण टबच्या वाफेतून फुप्फुसात जाणारा लेजिओनेला हा वेगळा आणि गंभीर मामला आहे. आठवड्यांनंतर हातावर किंवा गुडघ्यावर हळूहळू वाढणारी एकच गाठ दिसली तर मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू असू शकतो. त्याला महिनोन्‌महिने औषध लागतं.

डॉक्टरांना ‘मागच्या आठवड्यात हॉट टबमध्ये बसलो होतो’ हे वाक्य स्वतःहून सांगा. ते न विचारण्याची शक्यता मोठी असते, आणि तेवढ्या माहितीने निदान सरळ होतं. त्याच दिवशी ज्या ठिकाणी गेला होता तिथेही कळवा. तुमच्यासोबत आणखी कोणाला त्रास झाला का हे विचारून, तारीख आणि वेळ लिहून द्या. व्यवस्थापनाने हात वर केले तर स्थानिक आरोग्य विभागाला सांगा, आणि नमुना घेतला जाईपर्यंत टबचं पाणी काढू नका असा आग्रह धरा.